थंडीनें भंगलेलें पोलाद

आमच्या पिढीच्या वाचकांना घरांतील तांब्याचा बंब चांगला आठवत असेल. मधोमध एक उभी नळी, तींत धगधगते निखारे, आणि नळीच्या भोंवतालीं पाणी. विस्तव पाण्यास शिवत नाहीं आणि पाणी विस्तवास शिवत नाहीं. मधल्या तांब्याच्या पत्र्यांतून उष्णता मात्र इकडून तिकडे जाते, आणि घटकाभरांत स्नानाचें पाणी कढत होतें. कारखान्यांत ज्यास उष्णता-विनिमायक म्हणतात, तें यंत्र मूळ कल्पनेनें या बंबाचेंच भावंड होय. दोन प्रवाह, मध्यें धातूची भिंत, आणि त्या भिंतींतून उष्णतेची देवघेव, इतकाच त्याचा व्यवहार. यांतील जीं यंत्रें अतिशीत द्रव हाताळतात त्यांची कथा आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों. या यंत्रांनीं कित्येकदां दगा दिला आहे. माणसें मेलीं आहेत. एका प्रसंगीं तर एका सबंध राज्याच्या चुली विझल्या आहेत. हा दगा कां झाला याचा शोध कसा लागला, त्या शोधांत प्रथम कोणाकडे बोट दाखविलें गेलें आणि अखेरीस तें बोट कोठें जाऊन थांबलें, हा इतिहास केवळ यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरता ठेवावा असा नाहीं. तो मनुष्यस्वभावाचाहि इतिहास आहे.

थंडी निर्माण करण्याची विद्या तशी अर्वाचीन. दाबलेला वायु बारीक छिद्रांतून मोकळा सोडला म्हणजे तो किंचित् थंड होतो, हें जूल आणि टॉमसन या दोन शास्त्रज्ञांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिलें होतें. परंतु तो थंडावा अगदींच अल्प. या अल्प थंडाव्याचें भांडवल करण्याची युक्ति १८९५ सालीं म्यूनिकच्या कार्ल लिंडे यांनीं साधली, आणि त्याच वर्षीं इंग्लंडांत विल्यम हॅम्पसन यांनींहि तीच वाट स्वतंत्रपणें शोधून काढली. थंड झालेला वायु वायां न दवडतां, आंत येणाऱ्या दाबलेल्या वायूच्या नळीभोंवतीं तो उलट दिशेनें परत न्यावयाचा. म्हणजे येणारा वायु आधींच थोडा निवून येतो, मोकळा होतांच अधिक निवतो, आणि मागून येणाऱ्यास त्याहूनहि अधिक निववितो. चक्रवाढ व्याजाप्रमाणें थंडी वाढत जाते, आणि शून्याखालीं सुमारें १९० अंशांच्या आसपास हवेचे थेंब गळूं लागतात. २०२१ च्या साथींत रुग्णालयांच्या आवारांतील ज्या उंच टाक्यांकडे आपण सर्वजण जीव मुठींत धरून पाहत होतों, त्यांतला द्रव प्राणवायु याच युक्तीच्या वंशांतला. पृथ्वीच्या पोटांतून निघणारा ज्वालाग्राही वायु शून्याखालीं सुमारें १६२ अंशांपर्यंत निववून द्रवरूप करतात व जहाजांत भरून देशोदेशीं धाडतात, तोहि याच मार्गानें. तात्पर्य, उष्णता-विनिमायक हें या सर्व शीतविद्येचें हृदय आहे.

परंतु थंडीचा एक गुण असा आहे कीं, ती धातूचा स्वभाव पालटते. साधें पोलाद उन्हाळ्यांत वांकेल, ताणलें जाईल, पण एकदम तुटणार नाहीं. पुरेशा थंडींत मात्र तेंच पोलाद कांचेसारखें ठिसूळ होतें. हें जगास कळलें तें मोठी किंमत देऊन. १६ जानेवारी १९४३ च्या रात्रीं अमेरिकेंतील ओरेगॉन प्रांतांत, पोर्टलंडच्या गोदींत, नुकतेंच बांधून झालेलें 'स्केनेक्टडी' नांवाचें तेलवाहू जहाज शांत पाण्यांत बांधून ठेवलें होतें. वादळ नाहीं, टक्कर नाहीं. आणि प्रचंड आवाज होऊन जहाज मधोमध दुभंगलें. महायुद्धाच्या धांदलींत अशीं जहाजें रिव्हेट मारून न करतां वितळजोडानें झपाट्यानें बांधलीं जात असत. सहाजिकच पहिला आळ आला तो जोडकामावर, म्हणजे पर्यायानें जोडणाऱ्या कामगारांवर. जोडकामांत दोष नव्हतेच असें नाहीं. परंतु केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या विदुषीनें युद्धकालीन जहाजांच्या भंगलेल्या पत्र्यांचा कसून अभ्यास करून दाखविलें कीं, मूळ दुखणें पोलादाच्याच अंगीं होतें. ठराविक उष्णतामानाच्या खालीं तें पोलाद ठिसूळ होत होतें. रिव्हेटच्या जहाजांत तडा एका पत्र्याच्या कडेशीं येऊन थांबे. जोडून एकसंध केलेल्या जहाजांत त्यास थांबावयास जागाच उरली नव्हती.

पुढच्याच वर्षीं, २० ऑक्टोबर १९४४ रोजीं, क्लीव्हलंड शहरांत द्रवरूप केलेल्या वायूची एक मोठी टाकी फुटली. द्रव रस्त्यांवर व गटारांत पसरला, पेटला, आणि सुमारें १३० माणसें प्राणास मुकलीं. त्या टाकीच्या पोलादांत साडेतीन टक्के निकेल मिसळलेलें होतें. तेवढें त्या भयंकर थंडीस पुरेसें नव्हतें. पुढें अतिशीत कामाकरितां नऊ टक्के निकेलचें पोलाद, न गंजणाऱ्या पोलादाचे कांहीं प्रकार आणि अॅल्युमिनियम हे धातु रूढ झाले. १९५० च्या आंतबाहेर ही विद्या ग्रंथांत शिरली आणि महाविद्यालयांतून शिकविली जाऊं लागली. थंडींत पोलाद ठिसूळ होतें, हें त्यानंतर कोणा जाणत्या यंत्रशास्त्र्यास अज्ञात राहिलें नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कारण पुढील कथेचें सारें मर्म तींत आहे.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यांत, मेलबर्नच्या पूर्वेस गिप्सलंड प्रदेशांत, लाँगफर्ड नांवाचें गांव आहे. बास सामुद्रधुनीच्या तळांतून निघणारा वायु व तेल तेथें आणून शुद्ध करतात. तेथील पहिला कारखाना १९६९ पासून चालू होता आणि एस्सो कंपनी तो चालवीत असे. कच्च्या वायूंत कांहीं जड घटक मिसळलेले असतात. ते वेगळे काढण्यासाठीं वायूस उंच मनोऱ्यांत थंड व हलक्या तेलानें धुवून काढीत. धुतांना तेल त्या घटकांनीं संपृक्त होई. तें संपृक्त तेल मग विनिमायकांत नेऊन, दुसऱ्या बाजूनें वाहणाऱ्या गरम शुद्ध तेलाच्या उष्णतेनें तापवीत व त्यांतील घटक सोडवून घेत. गरम तेलाचा प्रवाह अखंड राहिला तर सारें सुरळीत. तो थांबला तर मात्र थंड बाजू उरते आणि तिला आवरणारें कोणी उरत नाहीं. त्यांतच असे हलके द्रव वायुरूप होऊं लागले म्हणजे भोंवतालची उष्णता शोषून घेतात, आणि थंडी आणखीच वाढते.

२५ सप्टेंबर १९९८, शुक्रवारची सकाळ. रात्रीं समुद्रांतील विहिरींकडून द्रवाचा लोंढा अधिक आला होता. मनोऱ्यांतील पातळी वाढली, तोल बिघडला, आणि आठ वाजून गेल्यावर गरम तेल फिरविणारे पंप बंद पडले. ते लवकर सुरू होईनात. इकडे जो विनिमायक सुमारें शंभर अंशांवर असावयाचा, त्याचें उष्णतामान उतरत उतरत शून्याखालीं ४८ अंशांवर गेलें. त्या साध्या पोलादाच्या प्रचंड नळकांड्यावर बाहेरून बर्फाचा थर चढला. शेजारच्या दुसऱ्या विनिमायकाच्या सांध्यांतून गळती लागली होती. माणसें जमलीं, पाहूं लागलीं, विचार करूं लागलीं. यंत्र फार थंड झालें आहे, तेव्हां तें पुन्हा ऊब देऊन ताळ्यावर आणावें, हा विचार त्यांस सुचला. आणि तो कोणा सामान्य माणसाससुद्धां सुचावा असाच होता. थंडीनें गारठलेल्या माणसास आपण शेकोटीजवळच नेतों.

परंतु कडाक्याच्या थंडींत कांचेच्या गार पेल्यांत एकदम कढत चहा ओतला तर पेला तडकतो, हाहि अनुभव घरोघरचा आहे. पेला आणि पोलाद यांचें नातें मात्र त्या आवारांत कोणास शिकविलेलें नव्हतें. पंप सुरू झाले, गरम तेल त्या गोठलेल्या यंत्रांत शिरलें, आणि दुपारीं साडेबाराच्या सुमारास तें पोलाद भंगलें. सुमारें दहा टन ज्वालाग्राही वाफ बाहेर पडली, वाऱ्याबरोबर पसरत १७० मीटरांवरच्या भट्ट्यांपर्यंत गेली व तेथें पेटली. आग उलट फिरून भेगेपाशीं आली. दोन माणसें जागच्या जागीं ठार झालीं आणि आठ जखमी झालीं. तिन्ही कारखान्यांच्या नळ्या परस्परांत गुंतलेल्या असल्यामुळें इंधनाचा ओघ तोडणें कठीण गेलें, आणि ती आग दोन दिवस जळत राहिली.

मेलबर्न शहराचा व जवळजवळ सर्व राज्याचा वायुपुरवठा या एका ठिकाणावर अवलंबून होता. तो तोडावा लागला. दहा लाखांहून अधिक घरांत गरम पाणी नाहीं, अनेकांच्या चुलीस जाळ नाहीं. भट्ट्या, उपाहारगृहें, कारखाने बंद. १४ ऑक्टोबरला पुरवठा परत सुरू होईपर्यंत सुमारें तीन आठवडे हा हाल चालला. एका नळकांड्याच्या भेगेनें एवढें मोठें राज्य हतबल झालें, हें पाहून सरकारनें शाही चौकशी आयोग नेमला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश सर डॅरिल डॉसन हे त्याचे अध्यक्ष होते.

आतां त्या चौकशीची खरी कसोटी आली. कंपनीचें म्हणणें थोडक्यांत असें होतें कीं, कामगारांना योग्य शिक्षण दिलेलें होतें, त्याची लेखी नोंद आहे, आणि शिकविलेलें त्यांनीं आचरणांत आणलें नाहीं. म्हणजे दोष त्या पाळीवरच्या माणसांचा. वरवर पाहतां या युक्तिवादांत तथ्य दिसतें. पंप कोणी तरी सुरू केले होते, हें कोण नाकारील? ज्याच्या हातून शेवटची कृति घडली त्याचा हात पकडणें हें सर्वांत सोपें असतें. स्केनेक्टडीच्या वेळीं जोडणाऱ्यांचा हात जवळ होता. येथें पाळीवरच्या माणसाचा होता.

आयोगानें मात्र त्या सोप्या उत्तरावर समाधान मानलें नाहीं. त्यानें धातूचे तुकडे तपासून घेतले, माणसांच्या साक्षी घेतल्या, कागदांचे ढीग उपसले. हळूहळू जें चित्र उभें राहिलें तें असें. यंत्रांत काय काय बिघडूं शकेल याची पद्धतशीर छाननी करण्याची रीत अन्यत्र रूढ होती. या पहिल्या कारखान्याची तशी छाननी व्हावयाची ठरलीहि होती, पण ती कधींच झाली नाहीं. १९९२ सालीं कारखान्यांतील यंत्रशास्त्री मेलबर्नच्या कचेरींत हलविण्यांत आले होते. ज्यांस थंडीचा व पोलादाचा संबंध ठाऊक असावयाचा, ते शेंकडों मैल नसले तरी हाकेच्या अंतरावर उरले नव्हते. नियंत्रणगृहांत धोक्याच्या घंटा दिवसाकाठीं शेंकड्यांनीं वाजत, त्यामुळें खऱ्या धोक्याची घंटा कोणती हें कानास कळेनासें झालें होतें. अपघाताच्या सुमारें महिनाभर आधीं, ऑगस्टमध्यें, अशीच अनपेक्षित थंडी यंत्रांत एकदां शिरली होती. त्या इशाऱ्याची रीतसर नोंद होऊन विचार झाला नाहीं. इतकें असूनहि किरकोळ इजांच्या आंकड्यांवरून पाहतां कंपनीची सुरक्षिततेची कीर्ति उत्तम होती! ऑस्ट्रेलियांतील समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू हॉपकिन्स यांनीं २००० सालीं या अपघातावर पुस्तक लिहून नेमकें याच विसंगतीवर बोट ठेवलें. बोट कापलें, पाय मुरगळला यांचे आंकडे कमी झाले म्हणून पोलाद फुटण्याचा धोका कमी होत नाहीं. दोन्ही गोष्टींचीं मुळें निरनिराळीं आहेत.

आणि शिक्षणाचें काय? कागद खरे होते. धडे झाले होते, प्रश्न विचारले गेले होते, उत्तरें लिहिलीं गेलीं होतीं, शेरेहि पडले होते. परंतु उत्तर बरोबर लिहिणारास त्याचा अर्थ उमगला आहे कीं नाहीं, याची परीक्षा कोणी घेतली नव्हती. गरम तेलाचा प्रवाह बंद पडला तर काय संकट ओढवेल आणि मग काय करूं नये, हें त्या पाळीवरच्या लहानथोरांपैकीं कोणासच कळलें नव्हतें. १९९९ च्या अहवालांत आयोगानें कामगारांवरचा आळ दूर केला आणि जबाबदारी कंपनीवर ठेवली. पुढें २००१ सालीं व्हिक्टोरियाच्या वरिष्ठ न्यायालयानें कामगारांच्या सुरक्षिततेच्या कायद्याचा भंग केल्याबद्दल कंपनीस वीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. चोर सोडून संन्याशास सुळीं देण्याचा प्रसंग टळला, तो केवळ प्रश्न विचारणारे पहिल्या उत्तरापाशीं थांबले नाहींत म्हणून.

कोणी म्हणेल, साध्या पोलादाच्या जागीं थंडींत न भंगणारा धातु योजला असता म्हणजे झालें. धातु बदलल्यानें एक शत्रु जातो हें खरें. परंतु दुसरे येतात. अतिशीत यंत्रांत अॅल्युमिनियमची योजना झाली, कारण थंडींत तें ठिसूळ होत नाहीं. तथापि १९७३ सालीं अल्जीरियांतील स्किक्दा येथें अॅल्युमिनियमचा विनिमायक निकामी झाला, आणि शोधाअंतीं आढळलें कीं वायूंतून येणाऱ्या पाऱ्याच्या अंशानें तो धातु पोखरला होता. तेव्हांपासून वायूंतील पारा आधींच काढून टाकण्याची पद्धत पडली. तरीहि १ जानेवारी २००४ रोजीं दक्षिण ऑस्ट्रेलियांतील मूंबा येथें पाऱ्यानेंच विनिमायकाच्या तोंडाशीं असलेला भाग फोडला व स्फोट झाला. धडा तीस वर्षें पुस्तकांत होता.

याहून विस्मयकारक कथा बोर्निओ बेटावरील बिंटुलूची. १९९७ च्या उत्तरार्धांत त्या प्रदेशांत अरण्यांना प्रचंड वणवे लागले आणि महिनोन् महिने आकाश धुरानें भरून राहिलें. बिंटुलू येथें शेल कंपनीच्या कारखान्यांत हवेंतून प्राणवायु वेगळा काढणारें यंत्र चालू होतें. हवा गाळून, शुद्ध करून आंत घेतली जात होती. परंतु धुराचे अतिसूक्ष्म कण त्या गाळण्यांतूनहि निसटले आणि द्रव प्राणवायूनें भरलेल्या विनिमायकांत थोडथोडे सांचत गेले. ज्वालाग्राही द्रव्य, भोंवतीं शुद्ध प्राणवायु, आणि भिंती अॅल्युमिनियमच्या! २५ डिसेंबर १९९७ रोजीं ठिणगी पडली, आणि एकदां पेटल्यावर तें अॅल्युमिनियमच इंधनाप्रमाणें जळालें. सुदैवानें कोणी दगावलें नाहीं. अरण्यांतील वणव्याचा आणि हिमाहूनहि शीतल अशा यंत्राच्या स्फोटाचा संबंध जोडून दाखविणें, हें त्या शोधकांचें कौशल्य आम्हांस एखाद्या इतिहासकाराच्या कौशल्याहून उणें वाटत नाहीं. पुरावा जळून गेला असतां, राहिलेल्या राखेवरून आणि महिन्यांपूर्वींच्या आकाशावरून त्यांनीं सत्य वाचलें.

अलीकडचें एक उदाहरण देऊन हा विषय आटोपतों. २७ जून २०१६ च्या रात्रीं अमेरिकेंत मिसिसिपी राज्यांतील पॅस्कगूला येथें वायूच्या कारखान्यांत अॅल्युमिनियमचा अतिशीत विनिमायक फुटून आग लागली. अमेरिकन सरकारच्या रासायनिक अपघात चौकशी मंडळानें २०१९ सालीं निर्णय दिला कीं, वर्षानुवर्षें तापणें आणि निवणें, पसरणें आणि आकसणें यांनीं धातु थकून गेला होता. तार पुनःपुन्हां वांकविली कीं तुटते, तसाच हा प्रकार. असे विनिमायक पूर्वीं गळले होते आणि प्रत्येक वेळीं ते दुरुस्त करून चालू केले गेले. फुटण्याआधीं तें गळेल व आपणांस सावध करील, अशी समजूत होऊन बसली होती. त्या रात्रीं तें गळलें नाहीं, फुटलें.

या सर्व कथांतून निघणारें तात्पर्य आम्हांस असें दिसतें. लाँगफर्डच्या पोलादाचा स्वभाव १९४३ पासून ठाऊक होता; पाऱ्याचा धोका १९७३ पासून ठाऊक होता. ज्ञान जगांत होतें. तें नव्हतें फक्त त्या जागीं, ज्या जागीं एका माणसाचा हात पंपाच्या कळीवर होता. ज्ञान ग्रंथालयांत असणें आणि तें हातापर्यंत पोंचणें यांतील अंतर हेंच अशा बहुतेक अपघातांचें खरें स्थान असतें, आणि तें अंतर तुडविण्याची जबाबदारी हातावर नसून ज्याच्यापाशीं ज्ञान व अधिकार आहे त्याच्यावर असते.

हें लिहितांना आम्हांस स्वस्थता वाटत नाहीं. आमचें सारें आयुष्य उत्तरपत्रिका तपासण्यांत गेलें आहे. 'थंडींत पोलाद ठिसूळ होतें' हें वाक्य आमच्या शेंकडों विद्यार्थ्यांनीं सुवाच्य अक्षरांत लिहून दिलें आणि आम्हीं त्यास पुरे गुण दिले. त्यांपैकीं किती जणांना तें वाक्य बर्फानें माखलेल्या नळकांड्यापुढें उभें असतांना आठवेल, याचा विचार आम्हीं फारसा केला नाहीं. लाँगफर्डच्या कामगारांचीं उत्तरेंहि अशींच बरोबर होतीं.